व्हिसाधारकांच्या बळावर चालणाऱ्या कार्यालयांतील मूळ देशावरून होणारा भेदभाव: अमेरिकेत नव्याने नोकरी करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

अमेरिकेतील माहिती-तंत्रज्ञान सेवा कंपन्या, त्यांना माणसे पुरवणाऱ्या लहानमोठ्या कन्सल्टन्सी, काही रुग्णालये, विद्यापीठे आणि जहाजदुरुस्तीपासून हॉटेलांपर्यंतचे कित्येक व्यवसाय परदेशातून व्हिसावर आलेल्या कर्मचाऱ्यांच्या आधाराने चालतात. अशा ठिकाणी मूळ देशावरून होणाऱ्या भेदभावाच्या तक्रारी दोन उलट दिशांनी येतात. एकीकडे स्थानिक उमेदवार म्हणतो, की जागा आधीच एका विशिष्ट देशातील माणसांसाठी ठरलेली होती आणि मुलाखत केवळ देखाव्यापुरती झाली. दुसरीकडे त्याच विशिष्ट देशातून आलेला कर्मचारी म्हणतो, की आपल्याला कमी पगारात, जास्त तास आणि व्हिसाची भीती घालून राबवले जाते. सार्वजनिक वादात या दोघांना एकमेकांचे वैरी ठरवले जाते, पण प्रत्यक्षात पुष्कळदा दोन्ही तक्रारी एकाच मालकाच्या एकाच सोयीतून जन्मतात, कारण ज्याला नोकरी सोडून जाणे अवघड आहे असाच कर्मचारी त्या मालकाला हवा असतो. कायदा दोघांनाही संरक्षण देतो, मात्र त्यांची दारे वेगळी आहेत, मुदती वेगळ्या आहेत आणि चुकीच्या दारावर उभे राहिल्यामुळे खरी तक्रारसुद्धा वाया जाऊ शकते. म्हणून पुढील पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची असून प्रत्यक्ष पाऊल उचलण्यापूर्वी रोजगार कायद्याच्या आणि, व्हिसा असल्यास, इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलणे आवश्यकच आहे.

पहिली पायरी: अन्याय कोणत्या प्रकारचा आहे ते ठरवावे

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सातवे प्रकरण, ज्याला अमेरिकेत सर्वजण टायटल सेव्हन म्हणतात, वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि मूळ देश या कारणांवरून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई करते. तो १५ किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना लागू होतो. येथे नवख्यांची पहिली गैरसमजूत दूर करायला हवी. या कायद्याचे संरक्षण मिळण्यासाठी अमेरिकन नागरिक असावे लागत नाही. अमेरिकेत काम करणारा एच-१बी (कुशल व्यवसायांसाठीचा व्हिसा), एल-१ (कंपनीअंतर्गत बदलीचा), एच-२बी (तात्पुरत्या बिगरशेती कामाचा) किंवा विद्यार्थी व्हिसावरील ओपीटी (शिक्षणाशी निगडित कामाची तात्पुरती परवानगी) असलेला कर्मचारी या संरक्षणात येतो आणि त्याच न्यायाने भारतीय व्यवस्थापकाने डावललेला अमेरिकन, फिलिपिनो किंवा मेक्सिकन वंशाचा कर्मचारीही येतो. मूळ देश म्हणजे केवळ पासपोर्टवरील देश नव्हे. पूर्वजांचा देश, त्या समाजाची भाषा, उच्चार, नाव, पेहराव आणि चालीरीती यांवरून केलेला भेदही त्यात मोडतो.

दुसरी गोष्ट नागरिकत्वाच्या दर्जाची. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये एस्पिनोझा विरुद्ध फराह या खटल्यात स्पष्ट केले, की टायटल सेव्हन मूळ देशावरून होणारा भेद रोखतो, केवळ नागरिक नाही म्हणून केलेला भेद रोखत नाही. ही उणीव काही अंशी १९८६ च्या इमिग्रेशन सुधारणा कायद्याने भरून काढली. त्यानुसार चार किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला कामावर घेताना, काढताना आणि भरतीची प्रक्रिया राबवताना नागरिकत्वाच्या किंवा इमिग्रेशनच्या दर्जावरून भेद करता येत नाही. परंतु हे संरक्षण अमेरिकन नागरिक, ग्रीन कार्डधारक, निर्वासित आणि आश्रय मिळालेल्या व्यक्ती यांनाच आहे. ग्रीन कार्डधारकानेही नागरिकत्वास पात्र झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज केला नाही, तर तो या यादीतून बाहेर पडू शकतो. एच-१बी कर्मचारी या यादीत नाही. म्हणूनच एखादी कंपनी "आम्ही व्हिसा प्रायोजित करत नाही" असे म्हणून एच-१बी उमेदवाराला नाकारते, तेव्हा ते कितीही खुपले तरी एरवी बेकायदा ठरत नाही. याउलट "फक्त ओपीटी आणि एच-१बी" अशी जाहिरात देणारी कन्सल्टन्सी नागरिक व ग्रीन कार्डधारकांना डावलत असल्यामुळे सरळ कायदा मोडत असते. अशा जाहिराती आपल्या समाजाच्या व्हॉट्सअॅप गटांत आजही बिनदिक्कत फिरतात, ही खेदाची गोष्ट आहे.

या नागरिकत्वाच्या कलमाची धार किती आहे हे दोन मोठ्या प्रकरणांतून दिसले. न्याय विभागाने डिसेंबर २०२० मध्ये फेसबुकवर दावा लावला. आरोप असा होता, की तात्पुरत्या व्हिसावरील कर्मचाऱ्यांना ग्रीन कार्ड मिळवून देण्याच्या पर्म प्रक्रियेत २,६०० हून अधिक जागा त्यांच्यासाठीच राखल्या गेल्या, त्या कंपनीच्या नेहमीच्या संकेतस्थळावर जाहीर झाल्या नाहीत आणि अर्ज टपालानेच मागवले गेले. ऑक्टोबर २०२१ मध्ये ४७.५ लाख डॉलर दंड आणि बाधितांसाठी ९५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम देण्यावर तडजोड झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये अॅपलने अशाच स्वरूपाच्या आरोपांवर २.५ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड केली. या दोन्ही प्रकरणांत ज्या व्हिसाधारकांना लाभ होत होता त्यांच्यावर आरोप नव्हता. आरोप भरतीची पद्धत आखणाऱ्यांवर होता.

तिसरा प्रकार पगाराचा आणि व्हिसाच्या अटींचा. एच-१बी साठी मालकाने श्रम विभागाकडे एलसीए नावाचा अर्ज भरलेला असतो आणि त्यात प्रचलित वेतन किंवा त्याच कामासाठी इतरांना दिले जाणारे प्रत्यक्ष वेतन, यांपैकी जे जास्त असेल ते देण्याची हमी असते. प्रकल्प नाही म्हणून बेंचवर बसवून पगार थांबवणे, एच-१बी अर्जाचे शुल्क किंवा वकिलाची फी पगारातून कापणे, ठरलेल्या तारखेआधी नोकरी सोडल्यास दंड आकारणे या गोष्टी त्या नियमांच्या विरुद्ध आहेत. हा भेदभाव असेलच असे नाही, पण भेदभाव सिद्ध करण्यापेक्षा हे उल्लंघन सिद्ध करणे बहुधा सोपे असते, कारण येथे मालकाच्या मनातील हेतू शोधावा लागत नाही. पगाराच्या पावत्या आणि एलसीए शेजारी ठेवले की पुष्कळसे काम होते. ज्या वाचकाला आपल्यावर मूळ देशामुळे अन्याय होतो असे वाटते, त्याने हा तिसरा प्रकार आधी तपासावा, असे माझे मत आहे.

चौथे साधन १८६६ च्या नागरी हक्क कायद्यातून आलेले कलम १९८१. ते वंश आणि परकीय असण्यावरून करारात भेद करण्यास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये वंशात पूर्वज आणि वांशिक वैशिष्ट्ये यांचा समावेश केला. येथे कर्मचारी संख्येची अट नाही, भरपाईला कमाल मर्यादा नाही आणि दाव्याची मुदत सामान्यतः चार वर्षे आहे. मात्र हे सारे थेट न्यायालयातच चालते.

दुसरी पायरी: संशय आणि पुरावा यांतील अंतर ओळखावे

कार्यालयात एकाच देशातील माणसे मोठ्या संख्येने आहेत, एवढ्यावरून भेदभाव सिद्ध होत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये ओकलंड येथील ज्युरीने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या बाजूने निर्णय दिला, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये लॉस एंजेलिस येथील ज्युरीने कॉग्निझंटने दक्षिण आशियाई किंवा भारतीय नसलेल्या कर्मचाऱ्यांविरुद्ध हेतुपुरस्सर भेदभाव केल्याचे मानले. कंपनीने भेदभावाचा इन्कार केला. दोन्ही खटल्यांतील आरोपांचे स्वरूप मिळतेजुळते होते. प्रकल्प संपल्यावर बेंचवर आलेल्यांपैकी कोणाला नवे काम मिळते आणि कोणाला घरी पाठवले जाते, हा त्यांतील कळीचा भाग होता. आपल्या कार्यालयातही लक्ष ठेवण्याजोगी जागा हीच आहे. भरतीपेक्षा प्रकल्पवाटप, बेंच, बढती आणि कामावरून कमी करणे यांत भेद अधिक स्पष्ट दिसतो, कारण तेथे तुलनेसाठी खरी माणसे असतात.

तुलना म्हणजे काय ते समजून घ्यावे. आपल्यासारखेच पद, तेवढाच अनुभव आणि तोच वरिष्ठ असलेल्या पण वेगळ्या मूळ देशाच्या कर्मचाऱ्याला त्याच परिस्थितीत वेगळी वागणूक मिळाली का, हा प्रश्न तपास अधिकारी प्रथम विचारतो. त्याशिवाय उघड उद्गार महत्त्वाचे असतात. "या टीमवर आपलीच माणसे हवीत", "स्थानिक लोक शनिवारी काम करत नाहीत, व्हिसावाला नाही म्हणणार नाही", "तुझा उच्चार क्लायंटला नको आहे" ही वाक्ये निर्णय घेणाऱ्या व्यक्तीने निर्णयाच्या सुमारास उच्चारली असतील, तर त्यांचे वजन मोठे असते. सहकाऱ्याने चहाच्या वेळी केलेल्या विनोदाचे वजन बरेच कमी असते, जरी असे विनोद सतत आणि गंभीर होत गेले तर तोही छळ ठरू शकतो.

उच्चाराबाबत समान रोजगार संधी आयोगाची, म्हणजे ईईओसीची, भूमिका अशी आहे, की उच्चारामुळे प्रत्यक्ष काम करण्यात खरोखर मोठा अडथळा येत असेल तरच त्यावरून निर्णय घेता येतो. क्लायंटची नावड हे कारण पुरत नाही. सर्व वेळ इंग्रजीच बोलावे असा नियमही सहसा टिकत नाही आणि ठरावीक प्रसंगी इंग्रजीची सक्ती करायची तर त्यामागे कामाची गरज दाखवावी लागते. याची दुसरी बाजू आपल्या लोकांनी ध्यानात घ्यावी. बैठकीत एक सहकारी ती भाषा जाणत नसताना हिंदीत, तेलुगूत किंवा मराठीत निर्णय घेणे हा एकट्याने गुन्हा नसला, तरी त्या सहकाऱ्याला पद्धतशीर बाजूला ठेवल्याचा पुरावा म्हणून तो पुढे येऊ शकतो आणि येतोही.

भेदभाव करणारा आणि सोसणारा एकाच देशाचे असले तर तक्रार होत नाही, हा समजही चुकीचा आहे. भारतीय व्यवस्थापक अमेरिकन सहकाऱ्यांना सन्मानाने वागवून भारतीय कर्मचाऱ्यांनाच रात्री-अपरात्री कामाला बसवत असेल, तर तोही मूळ देशावरून केलेला भेदच आहे. जातीवरून होणाऱ्या भेदाचा प्रश्न अजून सर्वत्र सुटलेला नाही. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला मनाई करणारा नियम केला, तर कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले विधेयक राज्यपालांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये नाकारले आणि प्रचलित कायद्यांतच हे संरक्षण येते असे कारण दिले.

तिसरी पायरी: नोंदी ठेवाव्यात, पण कंपनीचे दस्तऐवज उचलू नयेत

घटना घडली त्याच दिवशी तारीख, वेळ, ठिकाण, नेमके शब्द आणि उपस्थित माणसे यांची नोंद स्वतःच्या वहीत किंवा स्वतःच्या खासगी खात्यात करावी. कंपनीच्या लॅपटॉपवर ठेवलेली नोंद नोकरी गेल्याच्या दिवशीच हातची जाते. नियुक्तिपत्र, कराराची प्रत, पगाराच्या पावत्या, डब्ल्यू-२ (वार्षिक पगार व करकपातीचे पत्रक), कामगिरीचे मूल्यमापन, आय-७९७ हे व्हिसा अर्जाचे मंजुरीपत्र आणि एलसीएची प्रत यांचा संच घरी असावा. एलसीएची प्रत कामावर रुजू होण्याच्या दिवसापर्यंत एच-१बी कर्मचाऱ्याला देणे मालकावर बंधनकारक आहे, परंतु ती मागून घेणारे फार थोडे असतात. शिवाय मालकाला एलसीएसंबंधीची एक सार्वजनिक फाइल ठेवावी लागते, जी कोणीही पाहू शकतो, आणि श्रम विभाग एलसीएंची माहिती वेळोवेळी प्रसिद्धही करतो. त्यावरून आपल्याच कंपनीने आपल्याच पदासाठी कोणती वेतनपातळी दाखवली आहे हे कळते.

दोन बाबतींत सावध राहावे. क्लायंटची माहिती, इतरांच्या पगाराच्या फाइल किंवा गोपनीय ईमेल घाऊकपणे स्वतःच्या खात्यावर पाठवल्यास मालकाला नोकरीवरून काढण्याचे स्वच्छ कारण मिळते आणि मूळ तक्रार बाजूला पडते. तसेच संभाषण गुपचूप रेकॉर्ड करण्याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि टेक्सास येथे संभाषणातील एका पक्षाची संमती पुरते, कॅलिफोर्नियात खासगी संभाषणासाठी सर्वांची लागते आणि तेथे असे रेकॉर्डिंग हा गुन्हा ठरू शकतो.

चौथी पायरी: मुदती कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात

ईईओसीकडे तक्रार नोंदवण्याची मुदत घटनेपासून १८० दिवस असते आणि राज्यात किंवा शहरात तशाच कायद्याची अंमलबजावणी करणारी यंत्रणा असल्यास ती ३०० दिवस होते. न्याय विभागातील स्थलांतरित व कर्मचारी हक्क विभागाकडे, म्हणजे आयईआरकडे, १८० दिवस. एच-१बी वेतनाच्या तक्रारीसाठी श्रम विभागाच्या वेज अँड अवर डिव्हिजनकडे डब्ल्यूएच-४ हा फॉर्म १२ महिन्यांत. राज्यांचे कायदे कधी अधिक उदार असतात. कॅलिफोर्नियाचा कायदा पाच कर्मचाऱ्यांच्या मालकालाही लागू होतो आणि तेथील नागरी हक्क विभागाकडे तक्रारीस तीन वर्षे मिळतात. न्यू जर्सीचा कायदा मालकाच्या आकाराची अट घालत नाही.

कंपनीच्या एचआरकडे तक्रार चालू आहे म्हणून या मुदती थांबत नाहीत. हे वाक्य दोनदा वाचावे, कारण चौकशी सुरू आहे, थोडे थांबा, असे सांगत महिने घालवणारे एचआर विभाग कमी नाहीत. काढून टाकणे, बढती नाकारणे, बदली करणे अशा प्रत्येक स्वतंत्र कृतीची मुदत स्वतंत्रपणे मोजली जाते. भेदभावयुक्त पगाराच्या बाबतीत २००९ च्या लिली लेडबेटर कायद्यामुळे प्रत्येक पगाराबरोबर मुदत नव्याने सुरू होते. बदलीविषयी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये मल्ड्रो खटल्यात म्हटले, की कर्मचाऱ्याचे काही नुकसान झालेले दिसले तरी पुरे, ते मोठेच असले पाहिजे असे नाही. पगार तोच ठेवून चांगल्या प्रकल्पावरून काढलेल्या माणसाला याचा उपयोग आहे.

पाचवी पायरी: आधी कंपनीत लेखी सांगावे

तोंडी कुरकुर आणि लेखी तक्रार यांत फार फरक आहे. एचआरला पाठवलेल्या ईमेलमध्ये "मला वाईट वागणूक मिळते" एवढेच लिहू नये. कोणत्या दिवशी काय घडले, तुलनेतील कर्मचाऱ्याला काय मिळाले आणि हे मूळ देशामुळे घडले असे आपल्याला का वाटते, हे स्पष्ट शब्दांत लिहावे. असे लिहिण्याने पुढच्या सूडाविरुद्ध संरक्षण तयार होते. प्रामाणिक आणि वाजवी समजुतीने तक्रार केलेली असेल, तर मूळ भेदभाव शेवटी सिद्ध झाला नाही तरी सूड हा स्वतंत्रपणे बेकायदा ठरतो. ईईओसीकडे येणाऱ्या तक्रारींमध्ये सूडाचा आरोप सर्वाधिक वेळा असतो. व्यवहारात हेच दिसते, की मूळ निर्णयाचे कारण कंपनी कागदोपत्री सांभाळून घेते, पण तक्रारीनंतर तीन आठवड्यांत अचानक खराब झालेले मूल्यमापन तिला सांभाळता येत नाही.

सहावी पायरी: योग्य कार्यालयात तक्रार नोंदवावी

मूळ देशाच्या भेदाची तक्रार ईईओसीच्या सार्वजनिक पोर्टलवर चौकशी नोंदवून सुरू होते. त्यानंतर मुलाखत होते आणि मग औपचारिक तक्रार तयार होते. दूरध्वनी क्रमांक १-८००-६६९-४००० आहे. शुल्क काही नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. तक्रार नोंदल्यापासून दहा दिवसांत मालकाला कळवले जाते, त्यामुळे ती गुप्त राहील अशी अपेक्षा करू नये. मात्र ओळख झाकायची असल्यास दुसरी व्यक्ती किंवा संघटना आपल्या वतीने तक्रार करू शकते. दोन्ही पक्ष तयार असल्यास विनामूल्य मध्यस्थी होते आणि लहान प्रकरणांत तीच सर्वांत वेगवान वाट आहे. १८० दिवसांनंतर दावा लावण्याचे परवानापत्र मागता येते आणि ते मिळाल्यावर न्यायालयात जाण्यास केवळ ९० दिवस असतात. नुकसानभरपाई व दंडात्मक भरपाई मिळून कमाल मर्यादा मालकाच्या आकारानुसार ५० हजार ते ३ लाख डॉलर आहे. बुडालेला पगार त्यात धरलेला नाही.

चार ते चौदा कर्मचारी असलेल्या लहान कन्सल्टन्सीने भरतीत किंवा काढताना मूळ देशावरून भेद केला असेल, तर ते प्रकरण आयईआरकडे जाते. नागरिकत्वाच्या दर्जावरील भेद, आय-९ तपासणीच्या (काम करण्याचा हक्क पडताळण्याच्या) वेळी विशिष्ट कागदाचीच भेदभावाने केलेली मागणी आणि त्याबद्दलचा सूड हेही तेथेच. कर्मचाऱ्यांसाठीची मदतवाहिनी १-८००-२५५-७६८८ ही आहे. या विभागाचे वैशिष्ट्य असे, की तेथील कर्मचारी कधीकधी मालकाला थेट दूरध्वनी करून प्रश्न सोडवतात. कागदपत्रांच्या घोळात अडकलेल्या माणसाची नोकरी त्यामुळे वाचू शकते.

कराराच्या शेवटी लवादाची सक्ती असते, म्हणून सरकारी तक्रारच करता येत नाही असे पुष्कळांना सांगितले जाते. ते खरे नाही. लवादाचा करार खासगी दाव्याची जागा बदलू शकतो, पण ईईओसीकडे जाण्याचा हक्क तो काढून घेऊ शकत नाही.

सातवी पायरी: व्हिसा असल्यास दुसरे घड्याळ आधी पाहावे

येथे नागरिक आणि व्हिसाधारक यांची वाट खऱ्या अर्थाने वेगळी होते. नोकरी गेल्यावर एच-१बी कर्मचाऱ्याला सलग ६० दिवसांपर्यंत किंवा आय-९४ वरील (देशात राहण्याच्या मुदतीच्या नोंदीतील) तारीख, यांपैकी जे आधी येईल तोवर सवलत मिळते. २०१७ च्या जानेवारीत लागू झालेल्या नियमाने ही सोय झाली. भेदभावाची तक्रार वर्ष-दोन वर्षे चालते आणि ती चालू असल्यामुळे हे ६० दिवस वाढत नाहीत. म्हणून शहाणपणाचा क्रम असा: तक्रार लेखी करण्यापूर्वीच नव्या मालकाचा शोध सुरू करावा, इमिग्रेशनचा वकील स्वतःच्या खर्चाने नेमावा आणि कंपनीच्या वकिलावर विसंबू नये, कारण वाद उद्भवल्यास तो कंपनीचेच हित पाहील. नव्या मालकाने मुदतीत अर्ज दाखल केला, की मंजुरीची वाट न पाहता त्याच्याकडे काम सुरू करता येते. पतीला किंवा पत्नीला एच-१बी असल्यास एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर जाणे हा तात्पुरता आसरा असतो.

काही संरक्षणे कमी लोकांना ठाऊक असतात. एलसीएच्या उल्लंघनाची तक्रार केल्याबद्दल मालकाने सूड उगवला असेल, तर त्याचे पुरावे पुढील मालकाच्या अर्जासोबत देऊन व्हिसाचा दर्जा सुटल्याबद्दल सूट मागता येते. आय-१४० (ग्रीन कार्डसाठी मालकाने केलेला अर्ज) मंजूर होऊन १८० दिवस उलटले असतील, तर जुन्या मालकाने ते मागे घेतले तरी अग्रक्रमाची तारीख (ग्रीन कार्डच्या रांगेतील जागा) राहते आणि एच-१बीच्या मुदतवाढीसाठी ते उपयोगी पडते. आय-१४० मंजूर असलेल्या काहींना गंभीर परिस्थितीच्या आधारावर कामाचा परवाना मागता येतो आणि मालकाचा सूड हे अशा परिस्थितीचे एक मान्य उदाहरण आहे. मुदतीपूर्वी काढल्यास मायदेशी परतण्याचा वाजवी प्रवासखर्च देण्याची जबाबदारीही मालकाचीच असते.

"तक्रार केलीस तर व्हिसा रद्द करीन" ही धमकी पुरावा म्हणून जपून ठेवावी. पासपोर्ट मालकाने स्वतःजवळ ठेवणे तर कोणत्याही सबबीखाली खपवून घेऊ नये. कतरिना वादळानंतर मिसिसिपी आणि टेक्सास येथील दुरुस्तीच्या कामासाठी सिग्नल इंटरनॅशनल या कंपनीने सुमारे ५०० भारतीय वेल्डर व पाइप फिटर एच-२बी व्हिसावर आणले होते. त्यांना गर्दीच्या छावण्यांत ठेवून त्याचे भाडे पगारातून कापले जाई. फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्युरीने त्यांपैकी पाच जणांना १.४ कोटी डॉलर मंजूर केले आणि त्याच वर्षी ईईओसीचे प्रकरण ५० लाख डॉलरवर मिटले. त्या कामगारांचे व्हिसा मालकाच्या हाती होते, तरीही ते न्यायालयापर्यंत पोहोचले.

आठवी पायरी: सही करण्यापूर्वी थांबावे

नोकरीवरून काढताना काही आठवड्यांच्या पगाराच्या बदल्यात सर्व दावे सोडून दिल्याचा करार पुढे केला जातो. त्यावर त्याच दिवशी सही करू नये. दावे सोडून देणे वैध ठरू शकते, परंतु ईईओसीकडे तक्रार करण्यास किंवा तपासात साक्ष देण्यास मनाई करणारे कलम टिकत नाही. एच-१बी कर्मचाऱ्याने येथे रकमेपेक्षा तारखेची वाटाघाट करावी. शेवटचा दिवस पुढे ढकलून त्या काळातील पगार नियमित पगार म्हणून मिळाला, तर ६० दिवसांची मोजणी सहसा उशिरा सुरू होते. अर्थात नोकरी खरोखर चालू असली पाहिजे, कागदावर दाखवलेली नव्हे.

स्वतः मुलाखती घेऊ लागल्यावर

आज व्हिसावर आलेला मराठी अभियंता चार-पाच वर्षांत टीम लीड होतो आणि भरतीच्या टेबलाच्या पलीकडे बसतो. त्या वेळी कायदा त्याच्याकडे दुसऱ्या बाजूने पाहू लागतो. उमेदवाराला सध्या किंवा पुढे प्रायोजकत्व लागेल का, हा प्रश्न विचारता येतो. मूळचे कुठले, घरी कोणती भाषा बोलता, हे विचारू नये. ओळखीतून आलेल्या शिफारशींवरच जागा भरत गेल्यास हेतू नसतानाही एकाच समाजाची टीम तयार होते, म्हणून प्रत्येक जागा सर्वांना दिसेल अशी जाहीर करावी आणि सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारून गुण लिहून ठेवावेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्वाममधील लिओपॅलेस या रिसॉर्टने जपानी मूळ असलेल्या कर्मचाऱ्यांना अधिक चांगले वेतन व लाभ दिल्याच्या आरोपावरून १४ लाख डॉलरहून अधिक रक्कम देऊन प्रकरण मिटवले. त्याच महिन्यात ईईओसीने अमेरिकन कर्मचाऱ्यांविरुद्ध होणाऱ्या अशा भेदभावावर विशेष लक्ष देण्याचे जाहीर केले. हाताखालच्या कोणी तक्रार केल्यास लीडने स्वतः चौकशी करायला जाऊ नये, ती ताबडतोब एचआरकडे लेखी सोपवावी आणि त्यानंतर त्या व्यक्तीचा प्रकल्प, वेळापत्रक किंवा मूल्यमापन बदलायचे झाल्यास कारण आधी लिहून कायदेविषयक विभागाची संमती घ्यावी.